चाकांचा मान आणि रांगेचा राग

फ्लोरिडात ओरलँडोजवळ असलेले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या या संकुलात चार मोठी मनोरंजन उद्याने आणि वीसहून अधिक हॉटेले आहेत. एरवी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही स्कूटर काढणारा माणूस येथे पैसे मोजून दिवसभर पायपीट करतो. त्यामुळे व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे येथे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग कायम खुर्ची वापरणाऱ्यांचा. दुसरा, ज्यांचे गुडघे दुसऱ्या दिवशी संपावर जातात अशांचा. वाहतूक यंत्रणा दोघांत भेद करत नाही. रांगेतली मंडळी करतात, पण तो नजरेने.

उद्यानाच्या दारात भाड्याने मिळणारी खुर्ची उद्यानाबाहेर नेता येत नाही. बस, बोट किंवा मोनोरेलसाठी खुर्ची घरची तरी हवी, नाहीतर उद्यानाबाहेरून घेतलेली.

संकुलातली मुख्य वाहतूक बसची. बसला लिफ्ट किंवा उलगडणारा रॅम्प असतो आणि व्हीलचेअरला सर्वांआधी प्रवेश मिळतो. चालक स्वतः उठतो, घडीची आसने उचलून बाजूला टेकवतो, खुर्ची जागेवर आणतो, मग खाली वाकून पट्ट्यांचे हूक तिच्या चौकटीला अडकवतो. पट्टा आवळतो, खुर्ची हलवून पाहतो, पुन्हा आवळतो. एवढ्या वेळात बाहेरच्या रांगेतली मुले रडून झोपी जातात आणि त्यांचे वडील जागेपणी धुमसत राहतात. खुर्चीसोबत मोजक्याच नातलगांना आधी चढता येते. आजी एक आणि तिला धरायला अकरा जण, हा हिशेब येथे चालत नाही.

व्हीलचेअरऐवजी वापरायची, विजेवर चालणारी स्कूटर हा वेगळा धडा. आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात न लावलेल्या काकूंना बसच्या बोळकांडीत वळून, हातभर जागेत ती भिंतीलगत लावावी लागते. मागे घेताना स्कूटर पीं-पीं वाजते. त्यामुळे आतापर्यंत दुसरीकडे पाहणारेही दारातून माना आत घालतात आणि ‘डावीकडे घ्या, अजून डावीकडे’ असे मार्गदर्शन सुरू होते. मार्गदर्शन इंग्रजीत असले तरी काकू उत्तर मराठीतच देतात.

आधी चढण्याच्या मानाची वसुली उतरताना होते. बहुतेक वेळा सगळी बस रिकामी झाल्यावरच खुर्चीचे हूक सुटतात. शिवाय बसमध्ये अशा जागा साधारण दोनच असतात. त्या भरलेल्या असतील तर खुर्चीवाल्याने पुढच्या बसची वाट पाहायची. हे मात्र रांगेतल्या कोणाच्या लक्षात राहत नाही.

मोनोरेलमध्ये पट्ट्यांची भानगड नाही. कर्मचारी फलाट आणि डबा यांमधल्या फटीवर हाताने रॅम्प टाकतो. खुर्ची आत गेली की ब्रेक लावायचा. एका हॉटेलच्या तर पोटातूनच ही गाडी आरपार जाते. अडचण फक्त ट्रान्सपोर्टेशन अँड टिकेट सेंटर या मुख्य स्थानकाच्या चढाची. तो चांगलाच खडा आहे. सासूबाईंची खुर्ची ढकलत वर नेणाऱ्या जावयाच्या मायेची परीक्षा येथे होते आणि निकाल धापेवरून कळतो.

तेथूनच मॅजिक किंगडम या उद्यानाकडे जाणारी मोठी फेरीबोट सुटते. तिचा खालचा डेक सपाट असल्याने खुर्ची सरळ आत जाते. लहान लाँचची शाश्वती नाही. पाण्याची पातळी आणि बोटीचा प्रकार पाहून तेथे कर्मचाऱ्याचा शब्द अखेरचा.

सर्वांत नवे वाहन स्कायलायनर. दोरावरून जाणारे हे पाळणे सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि कॅरिबियन बीच हॉटेलापाशी त्यांचे जंक्शन आहे. स्थानकात पाळणा हळू होतो, पण थांबत नाही. धडधाकट माणसाने चालत्या पाळण्यात चढायचे. व्हीलचेअरसाठी बहुतेक स्थानकांत पाळणा बाजूच्या मार्गावर वळवून पूर्ण थांबवला जातो, आणि मुख्य रांग तशीच पुढे सरकत राहते.

अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यामुळे वाहनात खुर्चीला जागा देणे ही तेथे कोणाची मेहेरबानी नाही. कायद्याने जागा मिळते. रांगेचा राग मात्र चांगल्या आखणीनेच घालवता येतो. बसच्या रांगेत लोक चिडतात ते पट्टे आवळण्यात गेलेल्या मिनिटांवर, पण बोल लागतो खुर्चीला. स्कायलायनरपाशी कोणाचा खोळंबा होत नाही, म्हणून तेथे कपाळाला आठ्याही दिसत नाहीत.

आई-वडिलांना घेऊन तिकडे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी खुर्चीची लांबी-रुंदी मोजावी, वाहनाच्या वेळेत पंधरा मिनिटे जादा धरावीत आणि पायी हिंडण्याचा हट्ट वडिलांनी विमानतळावरच सोडावा.