सनदी मुख्याध्यापक

मुख्याध्यापक होण्यास काय लागते, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीने इतक्या निःसंदिग्ध भाषेत देऊन ठेवले आहे की, त्यावर कोणा प्रशिक्षणतज्ज्ञाने आणखी काही बोलणे हा वस्तुतः आगाऊपणाच होय. ज्याच्याजवळ पदवी आहे, बी.एड. आहे, पदवीनंतरचा किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव आहे व त्यातली निदान दोन वर्षे बी.एड. नंतरची आहेत, आणि जो समाधानकारक सेवापुस्तकानिशी ज्येष्ठतायादीच्या अग्रभागी पोहोचला आहे, तो माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. अग्रभागी पोहोचण्याचा राजमार्ग एकच; आपल्या वरची मंडळी सेवानिवृत्त होईपर्यंत तग धरणे. ही तपश्चर्या वीसपंचवीस वर्षे केल्यावर मनुष्याच्या अंगी नेतृत्व येते की नाही हे सांगता येत नसले, तरी गुडघेदुखी बहुधा येते. ज्येष्ठाला ही खुर्ची नको असेल तर त्याने आपला हक्क स्वखुशीने व लेखी सोडावा, अशीही सोय नियमांत आहे. आणि संस्थाचालकांचा भाचा ज्येष्ठतायादीत दुसऱ्या क्रमांकावर असला, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या ठायी ही स्वखुशी किती अल्पावधीत उत्पन्न होते, हा मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य पाहण्यासारखा प्रकार आहे.

प्राथमिक शाळेचा मामला त्याहूनही सरळ. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक. तेव्हा एखादा पालक तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसला भुलला आणि पट एकशे एक्कावन्नावरून दीडशेवर आला, की गुरुजींची नेतृत्वक्षमता संचमान्यतेच्या वेळी आपोआप धोक्यात येते.

इतकी स्वयंचलित व्यवस्था असताना प्रशिक्षणाचा सरंजाम मात्र मोठा आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आहे; दिल्लीत 2012 पासून शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र आहे; आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तर शिक्षक व मुख्याध्यापक या उभयतांसाठी वर्षाकाठी पन्नास तासांचे व्यावसायिक संवर्धन सुचविले आहे. या वर्गांतून ‘दृष्टी’, ‘परिवर्तन’, ‘सहभागी नेतृत्व’ असे भारदस्त शब्द चार्टपेपरावर रंगीत स्केचपेनांनी लिहिले जातात, गटचर्चा होते, गटप्रमुख सादरीकरण करतात, आणि चहाबिस्किटांनंतर परिवर्तनाचा पुढील तास सुरू होतो.

मग ही दृष्टी घेऊन नवे हेडसर सोमवारी शाळेत येतात, तो फाटक बंद. शिपाई निवृत्त झाला आहे आणि डिसेंबर 2020 च्या शासननिर्णयाप्रमाणे त्याच्या जागी शिपाई नव्हे, शिपाई भत्ता येतो. व भत्ता कितीही नियमित आला तरी तो घंटा देत नाही. कुलूप काढून खुर्चीवर बसावे, तो लिपिक म्हणतात, “सर, आधी शालार्थचं बघा, बिल आज गेलं नाही तर स्टाफचा पगार लटकेल.” तेवढ्यात यू-डायसची माहिती मागणारा केंद्रप्रमुखांचा निरोप येतो, कालच धाडलेली माहिती आज निराळ्या नमुन्यात हवी असते, आणि पोषण आहाराच्या खोलीतून ताई वाटीभर खिचडी घेऊन येतात, कारण मुलांना वाढण्यापूर्वी ती चाखून चवीच्या नोंदवहीत अभिप्राय लिहायचा असतो. हेडसर चाखतात, मीठ कमी आहे हे त्यांना कळते, आणि ते ‘चव उत्तम’ असे लिहून स्वाक्षरी करतात. ‘मीठ कमी’ लिहिले तर खुलासा मागविला जाईल, हे पन्नास तासांत त्यांना कोणी सांगितलेले नसते. पण सेवाज्येष्ठता काही अगदीच निरुपयोगी नाही.

आंग्लभूमीतही हा खेळ झाला. तेथे 1997 साली मुख्याध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता निघाली, 2009 पासून नव्या मुख्याध्यापकांस ती सक्तीची झाली, आणि 2012 साली सक्ती उठून पुन्हा ऐच्छिक झाली. साहेबाचे हे चंचलत्व पाहून मन विषण्ण होते. आपल्याकडे एकदा सुरू झालेला नमुना असा बंद पडत नाही, त्याला फक्त ‘प्रपत्र ब’ जोडले जाते.

तथापि केवळ टीका करून थांबणे आमच्या स्वभावात नाही. सनद द्यावयाचीच असेल तर आमची नम्र सूचना अशी की, लेखी परीक्षा रद्द करून उमेदवारास सात दिवस एखाद्या अनुदानित शाळेत सोडावे. गळक्या वर्गाच्या दुरुस्तीस वेतनेतर अनुदान केव्हा येईल, या पालकाच्या पृच्छेस खोटे न बोलता व खरे न सांगता त्याने उत्तर द्यावे. अध्यक्षांच्या वाढदिवसाची प्रभातफेरी आणि घटक चाचणी एकाच सकाळी पार पाडावी. बंद पडलेल्या सर्व्हरवर आजच्या तारखेत माहिती भरून दाखवावी. आणि उरल्या वेळात, उरलाच तर, आठवीवर गणिताचा एक तास घ्यावा. या शेवटच्या बाबीस गुण नसावेत, अन्यथा उमेदवार तिकडेच रमण्याचा धोका आहे. परीक्षक म्हणून अर्थातच त्याच शाळेचे वरिष्ठ लिपिक असावेत, कारण मुख्याध्यापक घडविण्याचे कार्य आजवर त्यांनीच बिनबोभाट केले आहे. परंतु नव्या आकृतिबंधात ते पद त्या शाळेस मंजूर आहे की नाही याविषयी कार्यालयाकडून मार्गदर्शन मागविले असून, ते प्राप्त होईतो परीक्षा तहकूब समजावी.