डोंगर कशाला हवा?

विजेवरची माउंटन बाइक चालवून पाहायची, तर म्हणे सिंहगडाच्या पायथ्याला या, मिश्र भूभाग लागतो. अहो, पुण्यात त्यासाठी गड गाठायचं कारण काय? डांबर, उखडलेले पेव्हर ब्लॉक, खडी, केबलसाठी खणलेला चर आणि वर आलेलं ड्रेनेजचं झाकण, सगळं एकाच गल्लीत, तेही करदात्यांच्या खर्चाने. सस्पेन्शन तिथेच खरं बोलतं. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या खाली असेल, तर लायसन्स लागत नाही. वेगाची ही मर्यादा कायद्याने घातली. खड्डे ते काम आधीपासून बिनपगारी करत होतेच. चढावर मात्र मोटर कमाल करते: घाम गाळावा लागत नाही आणि व्यायामाचं समाधान पुरेपूर मिळतं. बॅटरी संपली, की वीस-बावीस किलोचं ते समाधान ढकलत न्यायचं.