दोरीला पाच तारे मिळणेबाबत

प्रति,
मा. महासंचालक,
ऊर्जा दक्षता ब्यूरो,
सेवा भवन, रामकृष्णपुरम, नवी दिल्ली.

विषय: गॅलरीतील कपडे वाळत घालण्याच्या दोरीस पंचतारांकित लेबल मिळणेबाबत.

संदर्भ: आमच्या सोसायटीच्या फलकावर लागलेली नोटीस.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, मी पुण्यात एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर राहते आणि माझ्याकडे कपडे वाळवण्याचे एक उपकरण वर्षानुवर्षे विनातक्रार चालू आहे. त्यावर आपल्या ब्यूरोचे लेबल नाही. २००६ पासून आपण तारे वाटत आहात. फ्रिजला दिलेत, एसीला दिलेत, २०२३ पासून छताच्या पंख्यालाही ते सक्तीचे केलेत. मग माझ्याच उपकरणाने काय घोडे मारले आहे?

उपकरणाचा तपशील असा. छताला पुलीवर टांगलेल्या स्टीलच्या सहा दांड्या आणि ग्रिलच्या आतून ताणून बांधलेली नायलॉनची दुपदरी दोरी. क्षमता: दोन चादरी, चार टॉवेल, शाळेचा गणवेश आणि उरल्या जागेत मावेल ते. वार्षिक वीजवापर: शून्य युनिट. आवाज: पुलीला तेल घातलेले नसेल तर थोडासा. सुटे भाग: चिमटे. ते डझनाने मिळतात आणि खाली पडले की तळमजल्यावाल्यांचे होतात. दुपदरी दोरीची कल्पना माझी नव्हे, तिचे श्रेय महालक्ष्मीच्या धोबीघाटाला जाते. तिथे दोन दोऱ्यांना पीळ देऊन ताणतात आणि कपड्याचे टोक त्या पिळात खोचतात. वारा कितीही सुटो, सदरा जागचा हलत नाही आणि चिमट्याचा खर्चही वाचतो.

आता अर्ज आत्ताच का, ते सांगते. आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीने फलकावर नोटीस लावली आहे की, गॅलरीत रस्त्यावरून दिसतील असे कपडे वाळत घालू नयेत, त्यामुळे इमारतीचे एलिव्हेशन बिघडते. सभासदांनी आपापली पर्यायी व्यवस्था करावी. न केल्यास दंड. समितीत सगळी शिकलीसवरलेली, सुस्थितीतली माणसे आहेत. त्यांच्याही घरी कपडे धुतले जात असावेत, असा माझा अंदाज आहे.

पूर्वी गच्ची होती. चार खांब, आठ दोऱ्या, आणि कोणाची दोरी कोणती यावरून वर्षाकाठी एखादे भांडण. आता तिथे सौर पॅनेल बसले आहेत आणि सावली पडते म्हणून दोऱ्या काढून टाकल्या आहेत. पॅनेलांबद्दल माझी तक्रार नाही, लिफ्टचे आणि पंपाचे बिल उतरले आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरमालकाला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळते, तेही योग्यच. फक्त या व्यवस्थेतली गंमत आपल्या कार्यालयाच्या नजरेस आणून देते. ऊन पॅनेलवर पडले की त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाची वीज होते. ती इन्व्हर्टरमधून तारेत येते, तारेतून ड्रायरमध्ये जाते, ड्रायरमध्ये तिची पुन्हा उष्णता होते आणि त्या उष्णतेने माझा टॉवेल वाळतो. एवढा द्राविडी प्राणायाम केला तर अनुदान. आणि तेच ऊन थेट टॉवेलवर पडू दिले तर दंड!

पर्यायी व्यवस्था करा म्हटल्यावर मी ती बघायला गेलेही. मॉलमधल्या दुकानात दोन ड्रायर शेजारी शेजारी मांडले होते. एक साधा, आत हीटरची कॉइल असलेला. दुसरा हीट पंपाचा, दिसायला अगदी तसाच, पण पाटीवरची किंमत चाळीस हजारांनी जास्त. विक्रेता मुलगा गोड होता. म्हणाला, “मॅडम, हा महाग वाटतो, पण विजेत पैसे वसूल होतात.” मी विचारले, किती वर्षांत? तो म्हणाला, “तुमच्या वापरावर आहे.” महोदय, सगळी मेख या उत्तरात आहे.

मी घरी येऊन हिशेब मांडला. मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांतसुद्धा अडीच-तीन लिटर पाणी असते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे दोन तृतीयांश युनिट लागते. निसर्गाचा नियम आहे, त्यात कोणाची वशिलेबाजी चालत नाही. म्हणजे दोन युनिटे तर नुसत्या पाण्याचीच झाली. शिवाय पिंप तापायचे, गरम हवा बाहेर जायची, असे धरत साधा ड्रायर एका घाण्याला साडेतीन-चार युनिटे खातो. हीट पंपवाला त्याच्या निम्म्यात भागवतो. घाण्यामागे बचत दोन युनिटांची, बारा रुपये दराने चोवीस रुपये. चाळीस हजार वसूल व्हायला घाणे लागतात १,६६७. आम्हाला ड्रायर लागणार फक्त पावसाळ्यात, तोही दिवसाआड, म्हणजे वर्षाला साठ घाणे. पैसे फिटायला अठ्ठावीस वर्षे. तोवर यंत्र भंगारवाल्याने नेलेले असेल आणि मीही फारशी धडधाकट नसेन.

हाच ड्रायर जो वर्षाचे ३६५ दिवस, मे महिन्यातल्या रणरणत्या उन्हातसुद्धा लावील, त्याचे पैसे साडेचार वर्षांत सुटतात. वर तो पर्यावरणप्रेमीही ठरतो. जितके जास्त जाळाल तितकी बचत जास्त. हे गणित आपल्याकडच्या सगळ्या ताऱ्यांना लागू आहे. पुण्यात दोन महिने एसी लावणाऱ्याला पाच ताऱ्यांचे जास्तीचे पैसे परत मिळता मिळत नाहीत, बारा महिने खोली गार ठेवणाऱ्याला ते हां हां म्हणता मिळतात. आणि ज्याला एसीच नाही, त्याला ताराही नाही. बरे, तारे कायमचे तरी असावेत! २०२२ च्या जुलैत आपण निकष कडक केलेत आणि आदल्या दिवशीचा पंचतारांकित एसी एका रात्रीत चार ताऱ्यांचा झाला. माझ्या दोरीला ही भीती नाही. निकष कितीही वाढवा, शून्याच्या खाली कोण जाणार?

दरपत्रकाचेही असेच आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली शंभर युनिटे स्वस्त, एकशेएकावे युनिट लागले की दर जवळजवळ दुप्पट. काटकसर करणाऱ्याला थोडी सवलत, हा त्यामागचा हेतू मला पटतो. पण शंभरात बसवलेल्या घरात समितीच्या कृपेने साधा ड्रायर आला, की महिन्याला वाढणारी साठेक युनिटे सगळीच्या सगळी चढ्या दराने पडतात. म्हणजे स्वस्त ड्रायर घेणाऱ्याने बिलात मार खायचा आणि बिल वाचवायचे तर आधी सत्तर हजारांची वस्तू घ्यायची. उधारीवर ऊर्जाबचत!

हीट पंपाच्या तंत्राबद्दल थोडे सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण त्याचा शोध आमच्या सासूबाईंनी लावला होता. आमच्या जुन्या फ्रिजला पाठीमागे काळी जाळी होती. ती सतत कोमट असायची. पावसाळ्यात सासूबाई मुलांचे मोजे आणि हातरुमाल त्या जाळीवर पसरायच्या. सकाळी मोजे कडकडीत वाळलेले. फ्रिज आतली उष्णता ओढून मागे टाकतो. ती वाया का घालवायची, एवढाच त्यांचा विचार. हीट पंपाचा ड्रायर नेमके हेच करतो. त्यात फ्रिजसारखाच कॉम्प्रेसर असतो. एका बाजूला हवा गार करून तिच्यातले पाणी काढून घेतो, दुसऱ्या बाजूला तीच हवा गरम करून पुन्हा कपड्यांत सोडतो. उष्णता बाहेर न टाकता फिरती ठेवायची, म्हणून वीज निम्मी. नवीन फ्रिजच्या कंपन्यांनी जाळी बाजूच्या पत्र्याच्या आत लपवली आणि सासूबाईंचे संशोधन थांबले. आता फ्रिज वेगळा घ्यायचा आणि त्याची पाठ वेगळी, सत्तर हजाराला.

अर्जदाराने उपकरणाचे दोष लपवू नयेत, म्हणून तेही लिहिते. जुलै-ऑगस्टमध्ये माझी दोरी नापास होते. हवाच इतकी ओली असते की तिला कपड्यांतले पाणी घ्यायला जागा नसते. जीन्सची शिवण आणि कमरेचा पट्टा तिसऱ्या दिवशीही ओलसर, आणि टॉवेलला तो कुबट वास, जो पुन्हा धुतला तरी जात नाही. मग घरभर दोऱ्या बांधल्या जातात. हॉलमधून स्वयंपाकघरात जायचे तर ओल्या परकरांखालून वाकून. रात्रभर कपड्यांवर पंखा सोडायचा, सकाळी उरलेली ओल इस्त्रीने मारायची. पूर्वी कोळशाची शेगडी पेटवून तिच्यावर टोपली पालथी घालायचे आणि टोपलीवर तान्ह्या बाळाची दुपटी पसरायचे. आता शेगडी राहिली नाही. ही वीज आणि हा वास, दोन्ही माझ्या शून्य युनिटांत धरलेले नाहीत.

आणखी एक गोष्ट धरलेली नाही. दोरीला वीज लागत नाही, पण बाई लागते. बादली उचलून आणायची, झटकून टाकायचे, आभाळ आले की हातातली पोळी तव्यावर सोडून गॅलरीत धावायचे, पाऊस गेला की पुन्हा घालायचे. आपल्या प्रयोगशाळेत याचे मोजमाप होत नसावे. झाले असते तर आमच्या घरातल्या कित्येक शून्यांचे आकडे बदलले असते. म्हणून ड्रायर घेणाऱ्या कुणालाही मी नावे ठेवणार नाही. आमच्याच मजल्यावर एका घरी आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत. दिवसाला तीन-तीन चादरी निघतात आणि सांभाळणारी सून नोकरी करते. पावसाळ्यात तिने काय करायचे? तिला यंत्र हवेच, आणि तिने वीज कमी खाणारेच घ्यावे असे आपल्यालाही वाटणार. पण ती घेईल साधे, कारण खिशात तेवढेच आहेत. पाच तारे परवडत नाहीत म्हणून तिने जन्मभर जास्त बिल भरायचे.

हे असेच चालायला हवे असे नाही, आणि ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता. ‘उजाला’ योजनेत कोट्यवधी बल्ब एकगठ्ठा घेतले आणि २०१६ पर्यंत तो ३८ रुपयांवर आला. कोणी कोणाला भाषण दिले नाही. दिवा स्वस्त झाला, लोकांनी लावला. पंख्याचेही तसेच व्हायला हवे. साध्या पंख्याला पंचाहत्तर वॅट लागतात, बीएलडीसी मोटरच्या पंख्याला तीसेक. पंखा आपल्याकडे दिवसरात्र फिरतो, त्यामुळे तिथे जास्तीचे हजार-दीड हजार लवकर फिटतात. पण ते आधी खिशात असावे लागतात. एका खोलीत पाच जण झोपणाऱ्या घरात जुना, गुरगुरणारा पंखाच का असतो, याचे उत्तर अडाणीपणा हे नाही.

अमेरिकेत रहिवासी संघ दोरीवर कपडे घालायला सर्रास मनाई करतात. तरी फ्लोरिडासारख्या राज्याने कायदाच केला की अशी मनाई करता येणार नाही. जिथे घरोघरी ड्रायर आहेत तिथे लोकांना दोरीचा हक्क मागावा लागला, आणि जिथे घरोघरी दोरी आहे तिथे आमची समिती ती काढायला निघाली आहे. आपण मागे राहिलेलो नाही, हे मात्र यावरून सिद्ध होते.

सबब विनंती की, माझ्या दोरीस पाच ताऱ्यांचे लेबल द्यावे. तारे मला मिरवायला नकोत, समितीला दाखवायला हवेत. पंचतारांकित वस्तू गॅलरीत टांगलेली असली तर एलिव्हेशन बिघडत नाही, असे त्यांचे मत होण्याची दाट शक्यता आहे. बाहेर टांगलेल्या एसीच्या डब्यांबद्दल त्यांनी आजवर एकही नोटीस काढलेली नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
एक वीजग्राहक

ता. क. तपासणीस अधिकारी पाठवायचे झाल्यास सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान पाठवावेत. नंतर समोरच्या टॉवरची सावली येते आणि उपकरणाची कार्यक्षमता घटते. सोमवारी मात्र नको. सोमवारी चादरी असतात, गॅलरीत माणसाला उभे राहायला जागा उरत नाही.