जुन्या गाडीस रिमोट बसविण्याविषयी

ज्यांच्या बिल्डिंगखाली अजून मारुती ८०० उभी आहे आणि ती काढून टाकायचा विचारही ज्यांच्या मनाला शिवत नाही, अशा गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. गाडी विकायला काढलेल्यांनी वाचलं तरी हरकत नाही. रिमोट बसवला की गाडीला चार पैसे जास्त येतात अशी एक समजूत आहे. तसं काही होत नाही. जुनी गाडी बघायला आलेला माणूस आधी टायर बघतो, मग मॅट उचलून खालचा पत्रा बघतो, आणि रिमोट हातात दिलात तर ‘याने बॅटरी उतरत असेल ना?’ एवढंच विचारतो.

कामाला हात घालण्याआधी हेतू पक्का करावा. घरी सांगायचं कारण आणि खरं कारण ही दोन वेगळी ठेवावीत. घरी सांगायचं कारण खोटं नाही. लग्नाच्या हॉलबाहेर पाऊस कोसळतो आहे, गाडी चालवणारा आपल्या दाराने आत शिरला आहे आणि उरलेली मंडळी तीन काचांवर टकटक करत भिजताहेत. त्याने डावीकडे आडवं होऊन एक नॉब उचलायचा, बरगडीत चमक भरेपर्यंत वळून मागचा डावा उचलायचा, आणि बरोबर पाठीमागच्या दाराशी उभ्या असलेल्या आत्याबाईंसाठी खांद्यावरून उलटा हात टाकून चाचपडायचं. आत्याबाई या सगळ्या वेळात काय बोलतात ते काच बंद असल्यामुळे ऐकू येत नाही, पण कळतं.

खरं कारण वेगळं आहे. पार्किंगमध्ये गाडी लावावी, चार पावलं पुढे जावं, आणि मागे न बघता हात जरासा मागे नेऊन बटण दाबावं. बाजूच्या मोठ्या गाडीचा मालक रोज हेच करतो. त्यात ‘मागे न बघता’ हा सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे; बाकीचं सगळं वायरिंग आहे.

आपण काही तरी अघटित करतो आहोत असं मात्र वाटून घेऊ नये. १९८२ साली फ्रान्समध्ये रेनोच्या फ्युएगो गाडीला रिमोटने उघडणारी दारं आली. पॉल लिपशुट्झ नावाच्या माणसाची ती कल्पना. मारुतीची पहिली गाडी इंदिरा गांधींच्या हस्ते गिऱ्हाइकाला मिळाली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी. म्हणजे रिमोट आपल्या गाडीपेक्षा वर्षाने थोरलाच. राहून गेलेलं एक काम उरकतो आहोत, एवढाच भाव ठेवावा. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, तेव्हा कंपनीकडूनच करून घेऊ ही आशाही सोडावी.

खरेदीसाठी पुणेकरांनी नाना पेठेत आणि मुंबईकरांनी कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडला जावं. दुकानदार काउंटरवर तीन खोकी मांडतो: एक चायना, एक चांगलं चायना आणि एक कंपनीचं. तिन्हींतला माल बघितला तर मोटरी सख्ख्या बहिणी वाटतात. मधलं खोकं घ्यावं. पहिलं घेतलं तर फिटर नाक मुरडतो आणि तिसरं घेतलं तर घरचे.

खोकं दुकानातच उघडावं. आत चार मोटरी, काळी डबी, वायरींचा जुडगा, भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, तारेच्या कांड्या, स्क्रूची पुडी आणि दोन रिमोट असतात. माहितीपत्रकही असतं, त्याचा उपयोग स्क्रू ठेवायला होतो. मोटरींच्या वायरी मोजाव्यात. तिघींना दोन-दोन आणि चौथीला पाच असल्या पाहिजेत. पाचवाली ड्रायव्हरच्या दाराची. तिच्या पोटात स्विच असतो, म्हणून किल्लीने ते एक दार उघडलं की बाकीची तिन्ही उघडतात. चारी मोटरी दोन वायरींच्या निघाल्या तर रिमोट चालेल, पण किल्ली एका दारापुरतीच उरेल. आणि किल्ली लागणार आहे. डिकीसाठी पाचवी मोटर वेगळी मागावी लागते. बरेच जण मागत नाहीत, आणि मग चारी दारं रिमोटने बंद करून डिकी उघडी टाकून सिनेमाला जातात.

आता फिटर. तो म्हणेल, “काका, दीड तासात देतो गाडी.” सकाळी अकरा वाजता हे ऐकलं असेल तर दुपारच्या जेवणाची सोय जवळपास बघून ठेवावी. बसायला खुर्ची देतील. बसू नये. दाराशी उभं राहावं.

गाडी त्याच्या ताब्यात द्यायच्या आधी चारी नॉब बोटाने वर-खाली करून बघावेत. एखादा जड जात असेल तर आधी आतलं लॉक साफ करून तेल-ग्रीस करून घ्यावं. मोटर कुलूप दुरुस्त करत नाही. तुमचं बोट जे करतं तेच ती अर्ध्या-पाऊण सेकंदात करते. ज्या नॉबला तुम्ही दोन बोटं आणि एक शिवी लावता, तिथे ती नुसतीच घुरघुरेल.

मग दाराचं पॅड निघतं. काच खाली-वर करायच्या हँडलमागे तारेची एक बारीक लॉक-क्लिप असते. कसबी फिटर हँडल आणि पॅड यांच्या फटीत फडक्याची पट्टी सरकवतो, दोन्ही टोकं धरून बूट पॉलिश करतात तशी ओढतो आणि क्लिप टुणकन उडते. ती कुठे उडाली ते बघणं हे मालकाचं काम. अकुशल फिटर स्क्रूड्रायव्हर घालतो. तो दिसला की किट उचलून दुसरं दुकान गाठावं. पॅड ओढताना आतल्या प्लास्टिकच्या क्लिपा फट्‌ फट्‌ तुटतात. डझनभर नव्या आधीच आणलेल्या असाव्यात, नाहीतर उरलेलं आयुष्य ते पॅड खड्ड्याखड्ड्याला टाळ्या वाजवत राहतं.

पॅडमागे दाराच्या पत्र्याला चिकटवलेला पॉलिथिनचा कागद असतो. फिटरचा हाताखालचा पोरगा तो एका झटक्यात ओढून पायाशी टाकतो. तुम्ही खुर्चीत नाही याचं चीज होतं ते इथे. काच आणि तिच्या रबरामधून पावसाचं पाणी दारात उतरतच असतं; ते खालच्या भोकांतून रस्त्यावर जावं आणि पॅडला लागू नये, एवढ्यासाठीच तो कागद आहे. तो नसला की आषाढात पॅडचा पुठ्ठा फुगतो, श्रावणात मॅटला वास येतो आणि गणपतीला पाहुणे आले की गाडीत उदबत्ती लावावी लागते. पोरगा म्हणेल, “काका, सगळेच काढतात.” ऐकू नये. कागद जपून सोलून घ्यावा आणि काम झाल्यावर परत चिकटवायला लावावा. फाटलाच असेल तर जाड प्लास्टिक आणून तसाच नवा कापावा. फुकट गेलेल्या रिमोटचं दुःख महिनाभर टिकतं, भिजलेल्या मॅटचं गाडी असेपर्यंत.

मोटर बसवताना तिची कांडी लॉकच्या कांडीला समांतर राहिली पाहिजे. तिरकी बसली की अडकते. स्क्रू कायमचे आवळण्याआधी काच तळापर्यंत खाली करून बघावी. काच दाराच्या पोटातच उतरते आणि तिथे मोटर आली आहे हे काचेला कुणी सांगितलेलं नसतं.

वायर दारातून गाडीत नेण्यासाठी बिजागरीच्या बाजूला भोक लागतं. जुन्या ८०० मध्ये तयार भोक सापडलं नाही तर ड्रिल फिरतं. कापलेल्या पत्र्याला रंगाचं बोट लावावं, नाहीतर गंजाला आणखी एक पत्ता मिळतो. भोकात रबरी ग्रोमेट हवंच. दार दिवसातून कैक वेळा उघडतं आणि पत्र्याची धार कुठल्याही सुरीइतकी तेज असते. ग्रोमेटऐवजी काळी पट्टी गुंडाळली तर वायर वर्षा-दोन वर्षांत सोलून निघते. म्हणूनच बॅटरीकडून येणाऱ्या वायरीला, बॅटरीच्या जवळच, फ्यूज घालायला लावावा. ‘गरज नाही’ म्हणणाऱ्या फिटरला नम्रपणे विचारावं की मग तो खोक्यात का दिला आहे.

सगळं जोडून पहिल्यांदा बटण दाबलं की तीन दारं बंद होतात आणि चौथं उघडतं. घाबरू नये, लिंबू-मिरची आणायला धावू नये. मोटरीतला प्रवाह उलटा केला की ती उलटी फिरते, एवढीच या यंत्राची सगळी विद्या आहे. त्या एका दाराच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. हे फिटरच्या आधी तुम्ही सांगितलंत तर पोरगा तुम्हाला ‘काका’वरून ‘सर’वर नेतो.

सायरनचा प्रश्न नाजूक आहे. किटबरोबर टुक-टुक करणारा भोंगा येतो आणि खऱ्या कारणासाठी तो हवाच असतो, कारण ऐकायला कोणी असल्याशिवाय मागे न बघण्याला अर्थ नाही. पण रात्री साडेबाराला केलेलं टुक-टुक पुढच्या सोसायटी मीटिंगच्या विषयपत्रिकेवर येतं. इंडिकेटरची उघडझाप पुरेशी मानावी. एका बाजूचा बल्ब गेला असेल तर गाडी डोळा मारल्यासारखी दिसते. तो आधी बदलावा.

‘आता गाडी सुरक्षित झाली’ असं मात्र कुठे बोलू नये. स्वस्त रिमोट दर वेळी एकच ठरलेला कोड पाठवतात आणि तो हवेतून टिपून पुन्हा वाजवता येतो. चांगल्या किटमध्ये दर दाबाला कोड बदलतो. दुकानदाराला तसं स्पष्ट विचारावं. अर्थात झिजलेल्या किल्लीने शेजारची ८०० उघडल्याचे किस्से ज्या पिढीने ऐकले आहेत, तिला कोडची धास्ती फारशी वाटणार नाही.

बॅटरीबद्दलची शंका अगदीच अनाठायी नाही. किटमधली काळी डबी रिमोटच्या हाकेसाठी रात्रंदिवस कान टवकारून बसलेली असते. समजा ती १० मिलिअँपिअर खाते. महिनाभर गाडी हललीच नाही तर सात अँपिअर-अवर गेले. ८०० ची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची, तीही उतारवयातली. उन्हाळ्यात महिनाभर गावी जाणाऱ्यांनी बॅटरीचं एक टोक सुटं करून जावं.

एवढं सगळं नीट झालं की तो दिवस येतो. गाडी लावायची, चार पावलं जायचं, मागे न बघता बटण दाबायचं. आणि पाचव्या पावलाला थांबायचं. बंद झाली का? चारी? मागचं डावं दार मघाशी जरा घुरघुरलं होतं. मग परत जायचं, चारी हँडलं ओढून बघायची, काचेला नाक लावून नॉब खाली गेलेत याची खात्री करायची, आणि डिकीवर एक थाप मारायची. आधी एक किल्ली फिरवून होत होतं त्याच्या दुप्पट वेळ आता लागतो. माझं मत विचाराल तर तरीही बसवावा. पावसात आत्याबाई कोरड्या राहतात ही गोष्ट लहान नाही.

फक्त किल्लीला अंतर देऊ नका. इंजिन अजूनही तिच्यानेच सुरू होतं, आणि रिमोटचा सेल संपतो तेव्हा दारही तिनेच उघडावं लागतं. वर्षभर न फिरवलेलं जुनं कुलूप नेमकं त्याच दिवशी अडून बसतं, तेव्हा महिन्यातून एकदा दार किल्लीनेच उघडा आणि कुलपात तेलाऐवजी ग्राफाइटची पूड फुंका. तेलावर धूळ धरते. आणि हो, दुसरा रिमोट आजच घरात कपाटात ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात नको.