वाळवंटाची टंचाई

दुबईच्या पलीकडे, हजर पर्वताच्या पायथ्याला पाहुण्यांना क्वाड बाइकवर बसवून वाळूतून फिरवतात. व्यवस्था वाखाणण्याजोगी आहे. पुढे गाइड, मागे सगळे ओळीने. ओव्हरटेक करायचे नाही, वाट सोडायची नाही. अशा शिस्तीत मुक्त भटकंती घडते. इंजिनांच्या गजरात वाळवंटाची शांतता अनुभवता येते, आणि नाकातोंडात गेलेली वाळू तिकिटातच धरलेली असते.

धार-देवासच्या मराठी मंडळींनी एवढ्यासाठी विमानखर्च का सोसावा? धारकडे मांडव आहे, विंध्याचा कडा आहे. देवासला देवीची टेकडी आहे. शिवाय एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने नांदली. तेव्हा एका ताफ्याला दोन गाइड हे परंपरेला धरूनच होईल. उणीव फक्त वाळवंटाची.

त्या दिशेनेही देवासने कसून प्रयत्न केले होते. कूपनलिका खोल खोल नेल्या आणि १९९० साली शहराला पाणी रेल्वेने आणावे लागले, इथवर मजल मारली. थोडा धीर धरला असता तर उंटही आले असते. पण २००६ पासून जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी, चक्क सरकारी अधिकाऱ्यांशी संगनमत करून, हजारो शेततळी खोदली. रब्बीला पाणी मिळाले. पर्यटनाचे हे नुकसान कोण भरून देणार?

आता राहिला हिरव्या गव्हातून बाइक घालण्याचा पर्याय. पण तिथे गाइड पुढे नसतो, शेतकरी मागे असतो.