उतरणीच्या मुलखात गाडी समतल करण्याविषयी

शय्या, शेगडी, शीतकपाट आणि शौचालय ही गृहस्थाश्रमाची चारही साधने चाकांवर घेऊन फिरणारे वाहन म्हणजे मोटरहोम होय. 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून या वाहनास सरकारी दप्तरातही प्रतिष्ठा लाभली. तथापि मुक्कामासाठी त्याला जी सपाट जमीन लागते, तिचा पुरवठा महाड-पोलादपूर परिसरात कोणत्याही धोरणाने वाढणारा नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरांहून अधिक उंचीवर, पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात पार तळाशी, आणि आंबेनळी घाटाने या दोहोंतील अंतर सुमारे 40 किलोमीटर. त्यामुळे सरासरी काढल्यास सहा मीटर लांबीच्या गाडीच्या दोन टोकांत 20 सेंटीमीटरांच्या आसपास फरक पडतो आणि आत निजलेला प्रवासी सावित्री ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने, तिच्याहून थोड्या कमी वेगाने, पहाटेपर्यंत सरकत राहतो.

येथील शेतजमिनीचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. डोंगरउताराची, नाचणी-वरी पिकवणारी जमीन ती वरकस, आणि बांध घालून, पाणी सर्वत्र सारखे उभे राहील इतकी सपाट केलेली भाताची जमीन ते खाचर. पिढ्यानपिढ्यांच्या श्रमाने साधलेली ही सपाटी पाहून मोटरहोमच्या मालकाची दृष्टी खाचराकडे वळणे स्वाभाविक असले, तरी आषाढात तेथे शिरलेली गाडी आसापर्यंत रुतते व भाताच्या रोपांच्या पंक्तीस बसून राहते. आणि उन्हाळ्यात जमीन टणक झाली तरी वाटेत बांध असतो, जो फोडून आत जाणे म्हणजे दिवाणी आणि फौजदारी या कायद्याच्या दोन्ही शाखांशी एकाच दिवशी परिचय करून घेणे होय.

गाडी थोडी कलती राहिल्याने काय बिघडते, असा प्रश्न घाटावरचा वाचक विचारील, तर त्याचे उत्तर शीतकपाटात आहे. अनेक मोटरहोमांतील गॅसवर चालणाऱ्या शीतकपाटात अमोनियाचे द्रावण पंपावाचून, केवळ उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांच्या बळावर फिरत असते. कल फार झाला की ते एका जागी साचते, अभिसरण थांबते, तापवणारा भाग अतोनात तापतो आणि सोलकढी कोमट होते. याखेरीज न्हाणीतील पाणी मोरीकडे पाठ फिरवते आणि कपाटांची दारे उतार पाहून आपापले मत ठरवतात.

यावरील उपायांत क्रमाला महत्त्व आहे. प्रथम पाणसळ, म्हणजे काचेच्या नळीतील हवेच्या बुडबुड्यावरून सपाटी दाखवणारे गवंड्याचे साधन, गाडीच्या फरशीवर आडवे ठेवून डावी-उजवी बाजू पाहावी. जी बाजू खाली असेल तिच्या चाकांपुढे पाचरी, म्हणजे एका अंगाने निमुळते होत जाणारे ठोकळे, ठेवून त्यांवर गाडी सावकाश चढवावी. मागे जोडचाके असल्यास पाचर दोन्ही टायरांना पुरेल एवढी रुंद घ्यावी. पुढची-मागची बाजू त्यानंतर पाहावी. चार मीटर अंतरावरच्या दोन आसांत एक अंशाचा कल म्हणजे सुमारे सात सेंटीमीटर, हे ध्यानात ठेवल्यास पाचरींचा हिशेब कागदावर होतो आणि पतिपत्नींमधील संवाद आटोपशीर राहतो. मग हँडब्रेक ओढून चाकांना उताराच्या बाजूने अडथळे लावावेत, आणि सर्वांत शेवटी कोपऱ्यांतील आधारपाय रुंद फळ्यांवर टेकवावेत. हे पाय गाडीचे डुलणे थांबवण्यासाठी असतात. त्यांच्यावर गाडी उचलून सपाटी साधू पाहणारा मनुष्य बहुधा पाय वाकवतो. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांनाच धरत असल्यामुळे ती चाके जॅकवर अधांतरी ठेवल्यास ब्रेक हवेला धरतो आणि गाडी मालकाच्या संमतीवाचून महाडकडे निघू शकते.

या यंत्रसामग्रीस स्थानिक पातळीवर एक मानवी पर्याय उपलब्ध आहे. मोठी गाडी मागे घेतली जात असल्याचे दिसताच चहाच्या टपरीवरून तीन-चार गृहस्थ उठून येतात आणि ‘येऊ दे, येऊ दे’ असा घोष करीत, परस्परविरुद्ध दिशांना हात हलवीत, चालकास निरपेक्ष मार्गदर्शन करतात. त्यांतील ‘बस!’ हा शब्द बंपर दगडाला लागल्यानंतर उच्चारण्याचा प्रघात असला, तरी कोणता ओढा रात्रीच्या पावसात फुगतो आणि कोणत्या कड्याखाली दरड येते, याचे त्यांचे ज्ञान अचूक असते. पावसाळ्यात सावित्री किंवा गांधारीच्या काठची सपाटी मोहक दिसली तरी ती पुराच्या पाण्याने स्वतःसाठी राखलेली असते. सबब तेथे पाणसळ काढण्यापूर्वीच गाडी पुढे न्यावी.

राहिला प्रश्न दगडाचा. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकांना क्लीनर तत्परतेने दगड लावतो, आणि गाडी सुरू झाली की त्याच तत्परतेने ते दगड रस्त्यावर ठेवून निघून जातो. त्यामुळे मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात वळणावर त्या दगडांचा शोध स्वतःच्या चाकाने लावावा लागतो. म्हणून गाडी समतल करण्याची क्रिया ती समतल झाल्यावर संपत नाही. निघताना चाकाखालचा शेवटचा धोंडा उचलून रस्त्याकडेच्या गटारापलीकडे टाकला, म्हणजे ती शास्त्रोक्त पूर्ण झाली असे मानावे, मग त्या खटपटीत मालकाच्या कमरेस आलेला कल कोणत्याही पाचरीने निघणारा नसला तरी.