एकसष्टावे मूल

पट म्हणजे शाळेच्या कागदावर असलेली मुले. वर्गात बसलेली मुले ही निराळी संख्या असून तिला हजेरी म्हणतात. हजेरीवर खिचडी शिजते, पटावर शिक्षक टिकतो.

पटाचा मुहूर्त ३० सप्टेंबर. त्या दिवशीच्या नोंदीवरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदे किती हे ठरते. यू-डायस प्रणालीतून दिल्लीला जाणारी माहितीही याच तारखेची. पितृपक्ष याच सुमारास येतो. हजर नसलेल्यांच्या नावे पान वाढण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

सर्व मुलांचे मोल सारखे नसते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन. म्हणून साठावे मूल नुसते मूल असते. एकसष्टावे मूल म्हणजे एक पद, एक पगार आणि एका गुरुजींच्या घराचा हप्ता. ते पटावरून गेले की गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरतात आणि त्यांचे ‘समायोजन’ होते, म्हणजे मुलापाठोपाठ गुरुजींनाही गाव सोडावे लागते. पोषण आहारात पाचवीपर्यंत माणशी रोज १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. नुसत्या नावाला भूक नसते, वाटा मात्र असू शकतो.

पट आणि हजेरी यांची समोरासमोर गाठ घालून देण्याच्या विधीला पटपडताळणी म्हणतात. नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी तो आपल्या जिल्ह्यात केला. पाठोपाठ ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर झाला. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. मतदानाचा हक्क अठराव्या वर्षी येतो, शाई त्याआधीच आली. निम्म्याहून अधिक मुले गैरहजर असलेल्या शाळांचे प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले. परदेशी २०१२ साली पिंपरी-चिंचवडचे आयुक्त झाले. नांदेडात त्यांना मुलांवाचून नावे सापडली होती, तिथे परवान्यावाचून इमारती.

शाईनंतर छायाचित्राचा विचार झाला. शिक्षकांनी दर सोमवारी मुलांच्या गटांसोबत सेल्फी काढून ती ऑनलाइन चढवावी, असा निर्णय नोव्हेंबर २०१६ मध्ये निघाला. शिक्षकांच्या विरोधानंतर तो थांबला आणि सोमवार पुन्हा पाढ्यांना मिळाला.

सध्याचा उपाय आधार हा आहे. २०१५ साली ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद सुरू झाली आणि पुढे ती आधारशी जोडली गेली. वर्गात बसलेल्या मुलाच्या नावाचे स्पेलिंग आधारशी जुळले नाही, तर ते ‘इनव्हॅलिड’ ठरते. पूर्वी नाव असे आणि मूल नसे. आता मूल असते आणि नाव नसते. दोन्ही चुका एकत्र मिळवल्यास राज्याची बेरीज बरोबर येण्याचा संभव आहे.

या शास्त्राची खरी कसोटी पुण्याजवळ, चाकणच्या वाहन-कारखान्यांच्या पट्ट्यात लागते. म्हाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी ही गावे एका पिढीत गावठाणाबाहेर चाळीचाळींनी वाढली. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आईबाप दिवाळीनंतर आले, तर ३० सप्टेंबर उलटून गेलेला असतो. दाखला नसला तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, म्हणून मूल वर्गात बसते. पोर्टलवर मात्र जुन्या शाळेला ‘ट्रान्सफर रिक्वेस्ट’ मान्य करावी लागते, आणि जुन्या शाळेत ते एकसष्टावे असते. पुढचा ३० सप्टेंबर उजाडेपर्यंत बापाचे काम तळेगावला किंवा रांजणगावला गेलेले असू शकते. गाडीचा सुटा भाग ज्या रस्त्याने येतो त्याच रस्त्याने हे मूलही येते; पण भागाला बारकोड असतो आणि तो लावल्यावर मागच्या गोदामाची संमती लागत नाही.

हा प्रकार एकट्या मुलापुरता नाही. बाप कंपनीत राबतो आणि मस्टर ठेकेदाराचे असते. मूल चाकणला शिकते आणि पट गावाकडचा असतो. रात्री दोघे एकाच खोलीत जेवतात. त्या खोलीच्या दारात येऊन माणसे मोजण्याचे काम जनगणनेचे. ती २०११ साली झाली. २०२१ची लांबत २०२७ वर गेली. २०११ साली पहिलीत असलेले मूल तोपर्यंत स्वतःच मस्टरवर लागलेले असेल, बहुधा ठेकेदाराच्या.